आई, जरा लक्ष द्या

मागच्या कार्यकर्ता शिबिरात आरोग्याच्या सत्रात चर्चा चांगली रंगली होती. ऊसतोड कामगार बायकांची काढलेली गर्भाशयं, गरज नसताना होणारी सिझेरियन, सगळं बोलून झालं. मग एक मैत्रीण उठली आणि म्हणाली, "आता तर पोरांच्या मस्तीलाही आजार म्हणायला लागलेत. एडीएचडी म्हणे! हे श्रीमंतांचे आजार, औषध कंपन्यांनी काढलेले. आमच्या वस्तीत सगळीच पोरं हुंदडतात." टाळ्या पडल्या. मीही वाजवली.

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. तो नऊ वर्षांचा असताना त्याला एडीएचडी असल्याचं निदान झालं. शिबिराला आलेल्या साठ जणींपैकी हे फक्त दोघींना ठाऊक होतं. वीस वर्षं चळवळीत काढलेल्या बाईला नवऱ्याने मारलं हे सांगायची आपल्यात लाज वाटत नाही, गर्भपात केला हे सांगायची वाटत नाही. मग मुलाचं निदान का लपवावंसं वाटलं? त्या टाळीबद्दल मला माझ्याशीही भांडायचं आहे आणि तुमच्याशीही.

सुरुवात बालवाडीपासून झाली. वहीत शेरा: "लक्ष देत नाही." पहिलीत शेरा: "इतरांना त्रास देतो. आईने भेटावे." चार वर्षांत असे किती शेरे आले ते मोजायचं मी सोडून दिलं, पण त्यातल्या एकाही शेऱ्यात "वडिलांनी भेटावे" असं नव्हतं. शाळेत गेलं की बाईंचा पहिला प्रश्न, "तुम्ही नोकरी करता का?" हो म्हटलं की चेहऱ्यावर समाधान. रोग सापडला! मग त्या हळू आवाजात सांगायच्या, "आई, जरा लक्ष द्या त्याच्याकडे." मला नाव आहे, ते शाळेच्या फॉर्मवर लिहिलेलं आहे. पण शाळेत आणि दवाखान्यात मी फक्त "आई".

घरी काही वेगळं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "मोर्चे काढत हिंडतेस, पोराला वळण कोण लावणार?" माहेरी वहिनीने विचारलं की गरोदरपणी मी गर्भसंस्काराची पुस्तकं वाचली होती का. मी तेव्हा दुष्काळी कामावरच्या मजूर बायकांची पाहणी करत होते, म्हणजे गर्भावर संस्कार झालेच असणार, रोजगार हमीचे! शंखपुष्पी झाली, ब्राह्मी झाली, दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन झालं, दृष्ट काढून झाली, अ‍ॅबॅकसचा क्लास झाला. हे सगळं मी केलं, विज्ञाननिष्ठ म्हणवणारीने. मुलगा रोज शाळेत मार खाऊन यायला लागला की आई कुठल्याही दारात जाते.

आपल्याकडे हा "संस्कार" नावाचा शब्द फार जड आहे. साने गुरुजींचं "श्यामची आई" १९३५ साली प्रसिद्ध झालं. तेव्हापासून मराठी घराघरांत ती आई आदर्श म्हणून उभी आहे. मूल चांगलं निघालं तर ती त्या आईची पुण्याई. या कौतुकाला भुलण्यात अर्थ नाही, कारण त्याची दुसरी बाजू लगेच वसूल होते. मूल आईच घडवते असं एकदा मान्य केलं की मूल "बिघडलं" तर ते कुणी बिघडवलं, हा प्रश्नच उरत नाही. आणि हे फक्त आपल्या आजीबाईंचं शास्त्र नाही. १९४८ साली अमेरिकेत फ्रीडा फ्रॉम-राइकमन या मनोविश्लेषक बाईंनी स्किझोफ्रेनिया घडवणारी आई अशी कल्पना मांडली. १९६७ साली ब्रुनो बेटेलहाइम यांनी स्वमग्न मुलांचं खापर आयांच्या थंडपणावर फोडणारं पुस्तक लिहिलं. हजारो आयांनी ते अपराधीपण आयुष्यभर वाहिलं. पुढे दोन्ही कल्पना खोट्या ठरल्या, पण त्या आयांची माफी कोण मागणार?

आता "कंपन्यांनी काढलेला आजार" या मुद्द्याकडे येते. औषधांबद्दलचा आपला संशय फुकटचा नाही, तो आपण कमावलेला आहे. नेट-एन इंजेक्शनाविरुद्ध स्त्री संघटना १९८६ साली सर्वोच्च न्यायालयात गेल्या. गर्भलिंग तपासणीविरुद्ध लढून १९८८ साली महाराष्ट्रात देशातला पहिला कायदा आणला. तो संशय टिकलाच पाहिजे. पण संशय घ्यायचा तर तारखा तरी बघाव्यात. लंडनचे बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं: बुद्धी नीट, पण स्वतःला आवरता येत नाही. त्यांनी त्याला नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं, म्हणजे शिक्का मारलाच. आज वापरलं जाणारं मुख्य औषध, मिथाइलफेनिडेट, १९४४ साली प्रयोगशाळेत तयार झालं. मुलं आधी दिसली, गोळी चाळीस वर्षांनी आली. कंपन्यांनी नंतर त्यावर भरपूर पैसा केला, अमेरिकेत तर फारच केला. पण पैसा केला म्हणून मुलंच खोटी, हे म्हणणं बाळंतपणात दवाखाने लुटतात म्हणून कळा खोट्या म्हणण्यासारखं आहे.

निदान कसं होतं हे आपल्या कार्यकर्त्यांना माहीत असायला हवं, म्हणून जरा सविस्तर सांगते. त्यासाठी रक्ताची तपासणी नाही, डोक्याचा फोटो नाही. कुणी यंत्र लावून "मेंदूचा नकाशा" काढून एडीएचडी ओळखतो म्हणाला तर पाकीट उघडू नका. अवधान न टिकण्याची नऊ लक्षणं आणि अतिचंचलता व उतावळेपणा यांची नऊ, अशा दोन याद्या आहेत. मुलांमध्ये एका तरी यादीतली सहा लक्षणं किमान सहा महिने असावी लागतात. त्यांतली काही बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात (२०१३ पूर्वी ही मर्यादा सात वर्षांची होती). ती त्या वयाच्या मुलांपेक्षा बरीच जास्त असावीत, त्यांच्यामुळे मुलाचं रोजचं जगणं अडत असावं, आणि ती दोन तरी ठिकाणी दिसावीत, म्हणजे शाळेतही आणि घरीही. त्याआधी कान तपासायचे, डोळे तपासायचे, झोप कशी आहे ते विचारायचं. क्षणभर शून्यात बघणाऱ्या मुलाला एक प्रकारची फिट येत असू शकते, ते पाहायचं. वाचन-लेखनाची अडचण वेगळी आहे का किंवा जोडीला आहे का, ते पाहायचं. पाच मिनिटांत चिठ्ठी लिहून देणाऱ्याने निदान केलेलं नसतं.

आणि एक गोष्ट आपणच विचारू शकतो, कारण डॉक्टर सहसा विचारत नाहीत: घरात मारहाण होते का? आमच्या सल्ला केंद्रात एक बाई सहा वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. एका जागी बसत नव्हता, सारखा दचकत होता. शाळेने त्याला "हायपर" ठरवलं होतं. दोन तास तो केंद्रात होता आणि दोन तास त्याची नजर दारावर होती. त्याला गोळी नको होती, त्याच्या बापाचा हात थांबायला हवा होता. पण त्याच वर्षी दुसरी एक मैत्रीण मुलीला घेऊन वेगळी राहायला लागली. मारहाण थांबून दीड वर्ष झालं तरी मुलीचं चित्त कशात टिकेना, आणि आम्ही म्हणत राहिलो, "आघात आहे, वेळ लागेल." वेळ गेला तो तिच्या शाळेचा. हिंसा हेच प्रत्येक गोष्टीचं उत्तर मानायची सवय आपल्यालाही लागलेली आहे.

माझ्या मुलाच्या वेळी डॉक्टरांनी तीन फॉर्म दिले: शाळेसाठी, आईसाठी, वडिलांसाठी. वडिलांचा फॉर्म मीच भरला, नवऱ्याने सही केली. डॉक्टरांनी अक्षर पाहिलं आणि फॉर्म परत दिला. "वडिलांना घेऊन या." चार वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या खेपेला नवरा पुण्याला आला, फॉर्म घेऊन बसला, आणि अर्ध्यावर थांबून म्हणाला, "हे तर माझंच लिहिलंय."

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं ते असं: मुलामुलांत या बाबतीत जो फरक असतो, त्यातला जवळजवळ तीन चतुर्थांश आनुवंशिक कारणांनी समजावता येतो. माझ्या नवऱ्याच्या लहानपणीच्या गोष्टी सासूबाई अजून कौतुकाने सांगतात. शाळेच्या भिंतीवरून उडी मारून पळाला, विहिरीत उतरला, तीन दप्तरं हरवली. "भारी द्वाड होता!" बापात होती तेव्हा ती रग होती, तेच नातवात आलं की सुनेचं वळण! उलट सुनवायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण आईच्या गळ्यातलं खापर काढून बापाच्या गळ्यात बांधणं हे काही स्त्रीमुक्तीचं काम नाही. शिवाय ते आईकडूनही येऊ शकतं. मला एवढंच म्हणायचं आहे की या मुलाचा मेंदू संस्कारांच्या कमतरतेने असा झालेला नाही.

आता जे लिहायचं टाळत होते ते. मी मुलाला मारलं आहे. एकदा नाही. दुसरीत असताना एका संध्याकाळी शुद्धलेखनाच्या पाच ओळींना अडीच तास लागले. मी फूटपट्टीने मारत गेले, ती मोडेपर्यंत. तो रडत म्हणाला, "मी देतो गं लक्ष, पण ते राहत नाही." दुसऱ्या दिवशी एका गावात महिला मेळाव्यात मला कौटुंबिक हिंसेवर बोलायचं होतं. मी बोलले, आणि चांगलं बोलले. निदान झालं त्याचा सगळ्यात मोठा उपयोग मला काय झाला विचाराल, तर त्याने माझा हात थांबला. तो मुद्दाम करत नाही, हे कुणीतरी शास्त्राच्या भाषेत सांगेपर्यंत मला ते दिसलं नव्हतं. याला तुम्ही "लेबल" म्हणता. त्याआधी त्याला लेबलं नव्हती का? आळशी, मठ्ठ, वांड, उनाड, वाया गेलेला. ही लेबलं फुकट मिळतात, आणि ती काढून घ्यायला कुणी डॉक्टर नसतो.

"श्रीमंतांचा आजार" या शब्दांचा मला राग येतो तो इथे. शंभर मुलांत सुमारे पाच जणांना हा त्रास असतो, असं जगभरच्या पाहण्या सांगतात. तो घर पाहून येत नाही, निदान मात्र घर पाहून होतं. शहरातल्या पैसेवाल्याच्या मुलाला निदान मिळतं, वस्तीतल्या मुलाला छडी. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ सालीच छडी बंद केली, असं शाळेला सांगून बघा! हा मुलगा सातवी-आठवीत शाळा सोडतो आणि गॅरेजवर लागतो. आणि जात मध्ये येते तेव्हा काय? इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ साली गेला, पण शिक्षकाच्या डोक्यातून गेला नाही. पारध्याच्या मुलाची चुळबुळ त्याला चुळबुळ वाटत नाही, "यांची जातच तसली" वाटते. या मुलाला निदान नाकारणं म्हणजे त्याला व्यवस्थेपासून वाचवणं, असं कुणाला खरंच वाटतं का?

मुलींचं तर आणखी वेगळं. दवाखान्यात बाकावर बसलेली मुलं पाहा, बहुतेक मुलगे. याचं एक कारण असं की मुलगा बाक वाजवतो, वर्गाला त्रास होतो, म्हणून त्याला आणलं जातं. मुलगी खिडकीबाहेर बघत बसते, त्रास फक्त तिलाच होतो. आपल्या भाषेने तिच्यासाठी शब्द तयारच ठेवलेत: वेंधळी, धांदरट, गबाळी, बावळट. मुलाच्या द्वाडपणात कौतुकाची छटा तरी असते. सातवीत ती नापासांच्या यादीत आली की तिची तपासणी कोण करणार, तिचं लग्न ठरतं. आमच्याकडे एकवीस वर्षांची एक मुलगी आली होती. दूध उतू जातं, गॅस चालू राहतो, सांगितलेलं विसरते, म्हणून सासरी मार. तो छळच होता, आणि तक्रारही आम्ही तशीच नोंदवली. पण ती स्वतःच म्हणत होती, "चूक माझीच आहे ताई, मी लहानपणापासून बावळटच आहे." त्या वाक्याचं आम्ही काहीच केलं नाही. आमच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नव्हता.

औषधाबद्दल. ते विष नाही आणि जादूही नाही. अमेरिकेत ५७९ मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली आले. चौदा महिन्यांनंतर, नीट देखरेखीखाली औषध घेणाऱ्या मुलांची मुख्य लक्षणं नुसत्या वर्तनोपचारापेक्षा जास्त कमी झाली होती. तीन वर्षांनी पाहिलं तेव्हा गटागटांतला तो फरक उरला नव्हता. या अभ्यासातलं सोयीचं अर्धं दोन्ही बाजूंचे लोक सांगतात. अगदी लहान मुलांत आधी पालकांचं प्रशिक्षण, गोळी नंतर. गोळीने भूक मरते, झोप उडू शकते. वजन, उंची, रक्तदाब पाहत राहावं लागतं. माझ्या मुलाचा दुपारचा डबा भरलेला परत येतो, म्हणून मी रात्री नऊला त्याला दुसऱ्यांदा जेवायला घालते. पण तो पान संपेपर्यंत वाचतो, आणि मित्राच्या वाढदिवसाला त्याला बोलावणं येतं. साठ मुलांचा वर्ग गप्प बसावा म्हणून गोळी द्यायची असेल तर मी तुमच्या बाजूने मोर्चात येईन. पुन्हा या औषधावर कडक नियंत्रण आहे, दुकानदाराला चिठ्ठीची प्रत जपून ठेवावी लागते. त्यामुळे तालुक्यातले दुकानदार ते ठेवतच नाहीत. दर महिन्याला पुणे. जिला दिवसाची मजुरी बुडवून जावं लागतं तिने काय करायचं?

आणि जाते तीच. निदानानंतर सुरू होतं त्याला "पालक प्रशिक्षण" म्हणतात. शब्द उभयलिंगी आहे, खोलीत सगळ्या बायका. वेळापत्रक भिंतीवर लावा, एका वेळी एकच सूचना द्या, चांगलं वागला की लगेच कौतुक करा, कामाचे छोटे तुकडे पाडा. सूचना सगळ्या उपयोगी आहेत, मी त्या पाळते. पण त्या पाळायला दिवसाचे चार तास लागतात, आणि ते चार तास कुणाचे हे कोणत्याच पत्रकात लिहिलेलं नसतं. एका समुपदेशकाने मला सांगितलं, "आई, नोकरी सोडायचा विचार करा." नवरा शेजारीच बसला होता. आधी आई दोषी, मग आईच बिनपगारी उपचारक, आणि सुधारणा झाली नाही तर पुन्हा आईच दोषी.

सरकारी कागदावर सगळं आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत एडीएचडीचं नाव आहे. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा यायचं, आणि संशय आला तर मूल जिल्ह्याच्या केंद्रात पाठवायचं. जीभ, नखं, दात बघत रांग पुढे सरकते. रांगेत दोन मिनिटं उभ्या मुलाची चंचलता कशी कळावी? ती कळते अंगणवाडीताईला, जी मानधनावर राबते आणि जिला कुणी विचारत नाही. २०१६ च्या अपंगत्व कायद्यात एकवीस प्रकार आहेत. त्यात स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. अध्ययन अक्षम मुलांना महाराष्ट्रात १९९६ पासून परीक्षेत सवलती आहेत, आणि त्या पालकांनी, डॉक्टरांनी मागे लागून मिळवल्या. यात आपल्या संघटना कुठे होत्या? आपण तेव्हा हा प्रश्न "मध्यमवर्गीय आयांचा" म्हणून सोडून दिला. पाळणाघर हा स्त्रीचा प्रश्न असेल, तर सहा महिन्यांत तीन पाळणाघरांनी नाकारलेल्या मुलाची आई हाही स्त्रीचाच प्रश्न आहे.

आमच्या केंद्राच्या नोंदणी फॉर्ममध्ये आम्ही आता दोन प्रश्न घातले आहेत: मुलाचं शाळेत कसं चाललंय, आणि शाळा कुणाला बोलावते. दुसऱ्या प्रश्नावर बायका हसतात, मग बराच वेळ बोलत राहतात. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अशा मुलांच्या पालकांची बैठक असते. चिठ्ठीवर ठळक लिहितो: "मुलाच्या वडिलांनी भेटावे." मागच्या वेळी नऊ आया आल्या आणि दोन बाप. त्यातला एक माझा नवरा. तो अर्धा तास उशिरा आला, गाडीची किल्ली सापडत नव्हती म्हणून.